ब्रेक कोण बदलणार?

(चंद्रपूर येथे महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'मुलींचे कौशल्य प्रशिक्षण' हा विषय दिला आहे. या विषयात माझा हात स्वच्छ नाही, हे आधीच सांगते. समाजकार्याची पदवी घेऊन या दोन जिल्ह्यांत आले तेव्हा पहिली काही वर्षे मी शिलाईचे वर्गच चालवले. गावोगाव मशिनी दिल्या. आज त्यातल्या बऱ्याच मशिनींवर धान्याची पोती ठेवलेली असतात. पन्नास उंबऱ्यांच्या गावात बारा मुली ब्लाउज शिवायला शिकल्या, तर शिवून घेणार कोण, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. त्याच गावाच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक जात होते, आणि ते आपल्या मुलींचे काम असू शकते असे एकदाही माझ्या डोक्यात आले नाही.

आपल्याकडे काय काय चालते बघा. चंद्रपूर, राजुरा, घुग्घुसचा कोळसा, गडचांदूरकडचे सिमेंट, बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे जाणारा बांबू आणि लाकूड, आणि आता एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचे लोहखनिज. हे सगळे डिझेलवर चालते. एमएच ३३ आणि एमएच ३४ नंबरच्या या गाड्या कुठेतरी बिघडतात, कुणीतरी त्या दुरुस्त करते. तो 'कुणीतरी' नेहमी पुरुषच, आणि बहुतेक वेळा बाहेरून आलेला.

आज मी एकाच दुरुस्तीबद्दल बोलणार आहे. तुम्हाला कंटाळा येईल, पण ऐका.

एटापल्ली तालुक्यातली आमची एक मुलगी, घरी माडिया बोलणारी, आयटीआयचा डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स करून आलापल्लीच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात उमेदवारीला लागली. पहिले तीन महिने तिला वही दिली. कोणती गाडी आली, काय सामान लागले, हे लिहायचे. मी विचारायला गेले तर मालक म्हणाले, "मॅडम, अक्षर चांगलं आहे तिचं. पोरीले काहून काळं करता?" मी भांडून आले. त्यानंतर तिच्या हातात पाना आला.

त्या दिवशी मी तिथे होते. खनिज वाहणारा एक ट्रक आला. चालकाची तक्रार होती की भरलेली गाडी डोंगर उतरताना एक्झॉस्ट ब्रेक धरत नाही. विचारल्यावर कळले, बरेच महिने धरत नव्हता. मग इतके दिवस आणली का नाही? "गाडी तर चालून राह्यली होती ना!" त्याचेही खरे होते. त्याला पैसे खेपेवर मिळतात, गॅरेजात उभे राहण्याचे नाही.

हा ब्रेक म्हणजे काय, ते मी त्या मुलीकडून शिकले. तिनेच मला फळीवर खडूने काढून दाखवले. डिझेल इंजिनात हवा मोकळी आत येते, पेट्रोलच्या गाडीसारखी वाटेत झडप अडवून नसते. म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी डिझेल इंजिन गाडीला फारसे मागे ओढत नाही. तीस-चाळीस टन वजन उतारावर निघाले, की सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो. ते तापतात. फार तापले की पाय दाबला तरी धरत नाहीत. तसे होऊ नये म्हणून टर्बोच्या पुढे, धूर बाहेर जाण्याच्या नळीत, एक झडप बसवलेली असते. चालकाने बटण दाबले की गाडीतल्याच दाबाच्या हवेने ती मिटते, डिझेल बंद होते, धुराची वाट अडते आणि पिस्टनना त्या कोंडलेल्या दाबाविरुद्ध ढकलावे लागते. जी ताकद गाडी ओढते, तीच गाडी आवरते. काही मोठ्या इंजिनांत ही अडवणूक टर्बोच्या आतच केलेली असते. तिथे एक सरकती नळी पुढे येऊन धुराची वाट अरुंद करते.

या गाडीत झडपेचा दांडा काजळीने जाम झाला होता आणि तो हलवणारा हवेचा सिलिंडरही गळत होता. अख्खा जोड बदलायचे ठरले.

इंजिन थंड होईपर्यंत दोन तास गेले. चाकांखाली लाकडी उट्या, बॅटरीची तार सोडलेली, हवेच्या टाक्या रिकाम्या केलेल्या. टर्बोजवळचे बोल्ट उष्णतेने असे धरलेले असतात की जोर लावला तर तुटतात. त्यांवर तेल सोडून वाट पाहायची. लांब दांड्याचा पाना, हळूहळू, थोडे मागे, थोडे पुढे. मिस्त्री तिला म्हणाले, "ताकद नको लावू, याद लाव." हे वाक्य मी जपून ठेवले आहे, कारण आजवर मला सगळ्यांनी एकच सांगितले होते, की हे ताकदीचे काम आहे, बायकांचे नाही. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन कोसभर चालणाऱ्या बायकांबद्दल हे सांगितले जाते, ते सोडून द्या.

जुना जोड निघाला तशी तिने टर्बोच्या उघड्या तोंडावर स्वच्छ फडके बांधले. आतले पाते मिनिटाला हजारो फेरे घेते. एक नट आत गेला तर सगळा टर्बो वाया. मग तिने काढलेले नट ट्रेमध्ये मोजले. सहा काढले होते, पाच निघाले.

मिस्त्रींनी काम थांबवले. आम्ही सगळ्यांनी तास-दीड तास शोधले. जमीन झाडली, चुंबक फिरवले. ट्रकमालकाचा फोन तीनदा आला, खेप बुडत होती. एक पोरगा ऐकू जाईल असे म्हणाला, "पोरीच्या हाती देल्लं म्हणून." ती काही बोलली नाही, पण तिचे डोळे भरले होते. मलाही वाटले, जाऊ दे, फडके तर बांधले होते ना, नट आत कसा जाईल? पण फडके बांधण्याआधी तोंड उघडे होतेच. मिस्त्री हलले नाहीत. शेवटी तो नट सापडला, उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या घडीत. हा पत्रा काढून बाजूला ठेवणारा तोच पोरगा होता. त्याला कुणी काही म्हटले नाही. तिनेही नाही, आणि याचा मला अजून राग आहे.

पुढचे काम शांतपणे झाले. दोन्ही तोंडे घासून साफ, नवे गास्केट, जुने परत वापरायचे नाही. नवे बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने, मोजून दाब देणाऱ्या पान्याने. झडप पूर्ण मिटू नये म्हणून तिचा अडसर बसवला. पूर्ण मिटली तर इंजिनच गुदमरते. हवेच्या जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहिले. मग इंजिन सुरू. मिस्त्रींनी बटण दाबायला तिला वर बसवले. झडप मिटली आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला.

आता मुद्द्यावर येते. आपल्यातल्या काही जणींनी मला आधीच विचारले आहे: ज्या खाणीला ग्रामसभा विरोध करत आल्या, तिच्याच गाड्या सांभाळायला तू मुली पाठवतेस? प्रश्न बरोबर आहे. सुरजागडवर २०१६ च्या डिसेंबरात सत्तरहून अधिक वाहने जाळली गेली, काम थांबले, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. खाणीला माझा विरोध संपलेला नाही. पण ट्रक आज धावत आहेत, आणि त्या रस्त्यांवर सायकलवरची, मोटारसायकलवरची माणसे गेली आहेत. उतारावर ब्रेक धरतो की नाही, हा खाणवाल्यांचा नफ्यातोट्याचा प्रश्न असेल. पायथ्याच्या गावातल्या बाईचा तो जिवाचा आहे. तो दोष ओळखणारी एक तरी मुलगी त्याच गावची असावी, इतकेच माझे म्हणणे आहे. जमीन गेली, नोकरी मुलाला मिळाली, मोहाची झाडे तुटली आणि सुनेच्या वाट्याला ट्रकची धूळ आली, हे आपण कोळशाच्या पट्ट्यात पाहिलेले आहे.

कायद्याचे नाव पुढे करून आपल्याला नेहमी बाजूला ठेवले गेले. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायकांनी चालू यंत्राची साफसफाई, तेलपाणी करू नये असे होते. 'चालू' हा शब्द मालक सोयीने विसरत. १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली जायला आणि वरही संध्याकाळी सातनंतर काम करायला बंदी केली होती. पण त्याही आधीची गंमत बघा. जमिनीखालच्या कामाची बंदी इंग्रजांच्या काळातही होती. युद्धाला कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये ती उठवली, युद्ध संपताच १९४६ मध्ये परत घातली. आपले शरीर तीन वर्षांपुरते मजबूत झाले होते! जानेवारी २०१९ मध्ये उघड्या खाणीत रात्रपाळीची मुभा मिळाली, लेखी संमती घेऊन आणि किमान तिघींच्या गटात. नव्या संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, सर्व प्रकारच्या कामांत स्त्रियांना घेता येईल असे म्हटले आहे. सुरजागडला आदिवासी मुली डंपर चालवतात. मूळच्या नंदुरबारच्या योगिता रघुवंशी वकिलीचे शिक्षण घेऊन वर्षानुवर्षे देशभर ट्रक चालवत आल्या, आणि दिल्लीच्या ट्रकतळावर शांती देवी ट्रकची चाके दुरुस्त करत आल्या. म्हणजे कागदावर आता अडचण नाही.

अडचण अशी आहे की त्या गॅरेजात संडास नाही. ती मुलगी सकाळी पाणी पीत नसे. हे तिने मला चौथ्या महिन्यात सांगितले, तेही तिला लघवीचा त्रास सुरू झाल्यावर. मी दर पंधरवड्याला जाऊन तिच्या पान्याची चौकशी करत होते. चिमूरहून नागपूरपर्यंत दारूबंदीसाठी चालत गेलेल्या बायांच्या जिल्ह्यात काम करणारी मी, आणि मला हे विचारायला सुचले नाही. आता मालकाने पत्र्याचा आडोसा केला आहे. दाराला कडी मात्र आम्ही स्वतः नेऊन लावली.

आयटीआयत मुलींसाठी ३० टक्के जागा असतात. डिझेलच्या वर्गात त्या बहुधा मुलींशिवायच भरतात. या वर्षी चार मुली अर्ज करायला तयार आहेत, दोघींच्या घरचे अजून नाही म्हणतात. त्यांच्या आयांशी बोलायला माडिया येणारी एक कार्यकर्ती हवी आहे, आणि आलापल्लीत राहायला एक खोली. ज्यांना जमेल त्यांनी चहाच्या सुट्टीत मला भेटा. ती मुलगीही आज आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे. तिला गाडीबद्दल विचारा, लग्नाबद्दल नको.