फुलाच्या जवळ जाताना

हरसूलच्या बाजूला पाऊस लागला की महिन्या-दीड महिन्यात माळ आणि बांध ओळखू येईनासे होतात. रस्त्याच्या कडेने तेरडा उभा राहतो, कुंपणावर कळलावी चढते, आणि पाऊस ओसरता ओसरता सोनकी सारा उतार पिवळा करून टाकते. शहरातली मंडळी गाडी थांबवतात, उभ्या-उभ्या फोटो घेतात आणि निघून जातात. घरी जाऊन पाहावे तर हिरव्यात एक पिवळा पट्टा! तो रंगाचा फोटो झाला, फुलाचा नव्हे. फुलाचा फोटो हवा असेल तर गुडघे चिखलात टेकावे लागतात.

त्यासाठी भारी कॅमेराच हवा असे नाही. गुरुजींच्या खिशातला मोबाईलही चालतो. मात्र प्रत्येक भिंगाला जवळ जाण्याची एक हद्द असते. ती ओलांडली की चित्र धूसर होते. म्हणून आधी फुलाजवळ जा आणि मग हळूहळू मागे या. पाकळीची कड स्वच्छ दिसली की तिथेच थांबा.

इथे एक अडचण येते, आणि सारी कला तिच्यातच आहे. आपण जितके जवळ जाऊ, तितकी स्पष्ट दिसणारी जागा पातळ होत जाते. दहा पावलांवरून झाड, बांध, मागचा डोंगर सगळे बऱ्यापैकी स्वच्छ येते. वीतभरावरून पुंकेसर स्वच्छ आले, तर पाकळ्यांची टोके पुसट होतात. तेव्हा काय दाखवायचे ते आधी ठरवा. तेरड्याच्या फुलामागे मधाची बारीक वाकडी शेपटी असते. समोरून ती दिसायचीच नाही, बाजूला बसा. कळलावीच्या पाकळ्या मागे वळलेल्या आणि सहा पुंकेसर चहूकडे पसरलेले. तिच्या उंचीला डोळा न्यावा. (तिचा कंद विषारी असतो, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.) मोठा कॅमेरा असेल तर भिंगाचे छिद्र लहान केल्याने स्पष्टतेची जाडी वाढते, पण उजेड कमी येतो, फोटोला वेळ लागतो आणि तेवढ्यात वारा फूल हलवतो. म्हणून सकाळची वेळ बरी. वारा असेल तर कुणाला तरी छत्री किंवा इरले आडवे धरायला सांगा. ढगाळ उजेडाला नावे ठेवू नका. दुपारच्या उन्हात पाकळ्यांवरच्या रेषा उडून जातात. सावलीची बाजू फार काळी वाटली तर वहीचा कोरा कागद जवळ धरा.

बर्लिनच्या कलाशाळेत कार्ल ब्लॉसफेल्ट नावाचे शिक्षक होते. विद्यार्थ्यांना निसर्गातले आकार कळावेत म्हणून ते वर्षानुवर्षे कळ्या, देठ, पाने मोठी करून टिपत राहिले. १९२८ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि जगभर गाजले. ते आपले नमुने तोडून, छाटून समोर मांडीत. आपण तेवढे घेऊ नये, असे माझे मत आहे.

कारण आपल्या शेजारीच आहे. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीच्या नावाने २००६ साली कंदीलपुष्पाची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली. या वर्गातल्या फुलांची नळी आतून केसाळ असते. चिमुकली माशी आत शिरते आणि केस सुकेपर्यंत अडकून राहते. तेवढ्यात परागांचे काम होऊन जाते. अशी झाडे मोजकीच आणि छोट्याशा जागेत असतात. एक फूल तोडले की त्या वर्षीच्या बीला तेवढीच तूट. शिवाय यांतल्या कित्येकांचे कंद लोक खणून खातात. मोबाईल फोटोबरोबर जागेचा पत्ताही नोंदवू शकतो. म्हणून असे दुर्मिळ फूल सापडले, तर फोटो कुणाला पाठवण्याआधी तो पत्ता काढून टाका. कातळावर गुडघा टेकतानाही खाली पाहा. सीतेची आसवे आणि दवबिंदू बोटाएवढेच असतात.

न तोडता ओळख पटवायची तर एका फोटोवर भागत नाही. फूल समोरून, बाजूने आणि मागून घ्या, मग पान, देठ आणि सारे झाड. एका फोटोत पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. गुरुजी, तुमच्या वर्गातल्या कोकणा, वारली घरांतल्या मुलांना यांतली पुष्कळ नावे घरून माहीत असतात. ती त्यांच्याकडूनच वहीत लिहून घ्या, शेजारी तारीख टाका. लॅटिन नावासाठी जागा मोकळी सोडा, ते मागाहून भरता येईल. श्रावणात ही वही सुरू केलीत, तर सोनकी फुलेपर्यंत तिची बरीच पाने भरलेली असतील.