तारामाशाचे पाय

कोकणात किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून झालं, मासळीची वाटणी झाली, की ओल्या वाळूत बारीकसारीक जीव मागे उरतात. त्यांत कधी मातकट रंगाचा, पाच हातांचा तारामासा असतो. मुलं तो शोभेसाठी वाळवायला नेतात. त्याआधी त्याला समुद्राच्या पाण्यात उलटा ठेवून पाहावं. हातांखालच्या खाचांतून शेकडो इवलेसे, पारदर्शक पाय बाहेर येतात, चाचपडतात. एक हात हळूच वळून वाळू धरतो आणि सारं अंग पलटतं.

हा मासा नव्हे. त्याला कणा नाही, मेंदू नाही, आपल्यासारखं रक्तही नाही. पाठीवरच्या चाळणीसारख्या ठिपक्यातून समुद्राचं पाणी आत जातं, नळ्यांतून पायांत उतरतं. पाय चालतात ते त्या पाण्याच्या दाबावर.

तारामाशांच्या सुमारे १९०० जाती आहेत. वाळूतल्या या तारामाशाचे पाय टोकदार असतात. तो वाळूत स्वतःला पुरून घेतो, लहान शिंपले अख्खे गिळतो. खडकावरच्या जातींच्या पायांना चोषक असतात. शिंपला धरून हे तारामासे ओढत राहतात. केसभर फट पडली, की आपलं जठरच बाहेर काढून आत सारतात आणि मांस तिथेच पचवतात.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात परिसंस्थाशास्त्रज्ञ रॉबर्ट पेन यांनी १९६३पासून खडकाच्या एका पट्ट्यावरचे तारामासे काढून टाकले. शिंपल्यांनी जागा व्यापली आणि तिथल्या जीवांच्या १५ जातींपैकी ८ उरल्या. १९६९ साली पेन यांनी तारामाशासारख्या प्राण्याला कमानीच्या मधल्या दगडाची उपमा दिली. तो निखळला, की कमान ढासळते.

काचेच्या टाकीत मात्र हाच प्राणी फार नाजूक ठरतो. पाण्याच्या खारटपणातला फरक त्याचं शरीर सावरू शकत नाही. म्हणून नव्या टाकीत सोडताना पाणी थेंबाथेंबानं बदलतात. त्याची उपासमारही चटकन कळत नाही. अंग कडक असल्यानं आतून खंगला, तरी वरून कितीतरी दिवस धडधाकट दिसतो. पुरेसं अन्न असलेली जुनी, मोठी टाकी नसेल, तर हौसेखातर त्याला घरी आणू नये.

रापणीत जिवंत तारामासा दिसला, तर एवढं करा. ओंजळीत समुद्राचं पाणी घ्या, त्यात त्याला ठेवा आणि लाटेत सोडा. त्याचे पाय चालतात, ते त्याच पाण्यावर.