आमच्या लॉरीचे इंजिन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "इंजिनावर बोला" असे सांगितले, तेव्हा मी म्हटले, अहो, मंडळात लोणच्यावर बोलतात, बालसंगोपनावर बोलतात; इंजिनावर कोण ऐकणार? त्यावर त्या म्हणाल्या, "वर्षभर तुमच्या घरून ग्रीसचा वास यायचा. त्याचे कारण सगळ्यांना कळू द्या!" तर कारण सांगते.

आमची लॉरी आजेसासऱ्यांनी घेतलेली. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले आणि लष्कराच्या जादा झालेल्या गाड्या लिलावात निघाल्या. आपले संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याच्या आधीची ही खरेदी. गाडी शेव्हरोलेटची, पण बांधणी कॅनडाची. युद्धकाळात त्या देशाने आठ लाखांवर लष्करी गाड्या बांधल्या आणि त्यांतल्या सुमारे निम्म्या या एकाच घाटाच्या होत्या. फोर्ड आणि जनरल मोटर्स या एरवीच्या सवती. पण लढाईच्या गरजेपुढे दोघींनीही एकाच नमुन्यावर गाड्या केल्या. नाक चपटे, आणि समोरची काच वरच्या बाजूने पुढे झुकलेली, म्हणजे उन्हाची तिरीप वर जाऊन विमानातल्या शत्रूला चमकू नये. आम्हाला मात्र ती गाडी कपाळाला आठ्या घालून उभी आहे असेच वाटते.

या लॉरीने आमच्या गुऱ्हाळावरचे गुळाचे रवे पंचवीस वर्षे शाहूपुरीच्या पेठेत पोचवले. मग १९७४ साली घराची वाटणी झाली. वाटणीच्या वेळी इंजिन दुरुस्तीसाठी बाहेर काढून थोरल्या मामंजींच्या विहिरीवरच्या खोपीत ठेवलेले होते, आणि सांगाडा आमच्या परड्यात उभा होता. झाले! इंजिन त्यांच्याकडे, लॉरी आमच्याकडे. त्यांना लॉरीवाचून इंजिन कामाचे नाही, आम्हाला इंजिनावाचून लॉरी कामाची नाही. तरी कोणी कोणाकडे मागायला गेले नाही. पुढे दोघेही भाऊ वारले. भंगारवाले दोन्ही दारांना वर्षातून एकदा विचारून जात आणि दोन्ही दारांतून "विकायची नाही" असेच उत्तर मिळे. माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, आणि त्यांच्या थोरल्या जाऊबाई एका बोळाच्या समोरासमोर राहून अठ्ठेचाळीस वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आले होते, की त्या दारात हळदीकुंकवाला जायचे नाही.

माझी मुलगी डिप्लोमाला, आणि थोरल्या घरचा नातू पुण्याहून टाळेबंदीत घरी येऊन राहिलेला. या दोघांनी बोळात उभ्या उभ्या ठरवले, की इंजिन उघडायचे. मुले बोलून मोकळी होतात, पण परवानगी कोणी मागायची? २०२२ च्या संक्रांतीला मी तिळगुळाची वाटी घेऊन समोरच्या दारात गेले. थोरल्या आत्याबाई नव्वदीला टेकलेल्या. त्यांनी तिळगूळ हातात धरला, तोंडात टाकला नाही. मी इंजिनाचे बोलले. पुष्कळ वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "न्ह्या की. पर इकायचं न्हाई. आनि मला दाखवल्याबिगर झाकायचं न्हाई." तिळगूळ त्यांनी मी उठल्यावर खाल्ला, ते मी उंबऱ्यातून पाहिले.

इंजिन सहा सिलिंडरांचे, एका ओळीत. २१६ घन इंचांचे, म्हणजे साडेतीन लिटरचे, ताकद ८५ घोड्यांची. इतकी वर्षे पडून सगळे पिस्टन गंजाने धरून बसलेले. प्रत्येक सिलिंडरमध्ये स्पार्क प्लगच्या भोकातून डिझेल आणि पातळ तेल ओतले आणि महिनाभर वाट पाहिली. घण घालून पिस्टन ठोकणारे मिस्त्री असतात. त्यांच्यापासून सावध राहावे. एका कारखान्यात तर, त्याचे नाव घेत नाही, "हे भंगारात घाला, डिझेल इंजिन बसवून देतो" असा सल्ला मिळाला. सल्ला सोयीचा होता; पण मग ते थोरल्या घरचे इंजिन राहिले नसते, आणि आम्ही मागायला गेलो कशाला होतो?

खोलण्याचे काम मुलांचे, आणि ठेवण्याचे काम माझे. मैत्रिणींनो, ठेवणे हेच खरे काम आहे. श्रीखंडाचे रिकामे डबे एरवी आपल्याला टाकवत नाहीत, त्यांचा उपयोग मला तेव्हा कळला. बारा व्हॉल्व्ह, बारा पुशरॉड. जो जिथला तो तिथेच परत गेला पाहिजे, कारण इतक्या वर्षांत ते आपापल्या जागेला झिजून बसलेले असतात. पुठ्ठ्याला बारा भोके पाडून त्यात पुशरॉड ओळीने उभे केले. बेअरिंगच्या टोपीखाली पितळेचे कागदासारखे पातळ पत्रे असतात, मिस्त्री त्यांना शिम म्हणतात. ते माझ्या मिसळणाच्या डब्यात, सहा वाट्यांत सहा सिलिंडरांचे. बेअरिंग झिजले की एक पत्रा काढायचा आणि टोपी पुन्हा आवळायची, अशी ती जुन्यांची सोय.

उद्यमनगरात सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री भेटले. त्यांनी सिलिंडर बोअर करून आत नवे लायनर ठोकले, म्हणजे जुने ओतीव पिस्टनच नव्या रिंगा घालून वापरता आले. क्रँक घासून गोल केला. पण खरी पाहण्यासारखी गोष्ट पुढेच. आताच्या इंजिनात बेअरिंगचे तयार तुकडे बसवतात; या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या पोटात धातू ओतावा लागतो. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचे ते मिश्रण. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकन कारागिराने १८३९ साली अशी बेअरिंग पुढे आणली म्हणून त्या धातूला बॅबिट म्हणतात. आपले मिस्त्री नुसते व्हाइट मेटल म्हणतात. आणि ओतण्याआधी रॉडला काय करतात? कल्हई! नवसागराचा तोच धूर, कथलाचा तोच झळाळ. मी म्हटले, हे तर आमच्या दारात येणाऱ्या कल्हईवाल्याचे काम. मिस्त्री म्हणाले, "ताई, कल्हई धरली नाही तर ओतलेला धातू पापुद्र्यासारखा सुटतो." धातू पुरेसा तापला का हे पाहायला त्यांनी त्यात लाकडाची काडी बुडवली, काडी नुसती काळी पडली, पेटली नाही, तेव्हा त्यांनी ओतायला घेतले. कढईतल्या तेलात तुकडा टाकून पाहणाऱ्या बाईला याचे नवल वाटू नये.

आणखी एक गंमत सांगते. या इंजिनात प्रत्येक रॉडच्या तळाला एक इवलीशी पळी असते. खाली चेंबरात तेलाने भरलेले पन्हळ असतात. रॉड खाली आला की पळी त्यात बुडते, तेल उचलते आणि बेअरिंगला पाजते. दर फेऱ्याला एक पळी. त्यामुळे तेलाच्या दाबाचा काटा फारसा वर चढत नाही, आणि नवशिका ड्रायव्हर उगाच घाबरतो.

व्हॉल्व्ह बसवताना मात्र घरातल्या सगळ्यांचे हात लागले. बारीक रवाळ मलम लावून, रबरी टोपीची काठी दोन्ही तळव्यांत धरून, रवीसारखी पुढेमागे फिरवायची. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांना सारखी करडी कड आली की पुरे. माझ्या आत्याबाईंनी बारांपैकी पाच व्हॉल्व्ह घासले. आणि त्या घासत होत्या कुठे, तर थोरल्या घरच्या ओसरीवर, कारण इंजिन तिथल्याच खोपीत होते. पहिल्या दिवशी दोघी जावा बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी थोरल्या म्हणाल्या, "हात हलका ठेव गं, ताक न्हाई ते." अठ्ठेचाळीस वर्षांनंतरचे हे पहिले वाक्य. आत्याबाईंनी उत्तर दिले नाही, पण हात हलका केला. तिसऱ्या दिवशी चहा तिकडूनच आला.

खर्च ब्याऐंशी हजार झाला. निम्मा त्यांचा, निम्मा आमचा, एकाच वहीत लिहिलेला. ही वही मला इंजिनाइतकीच महत्त्वाची वाटते.

२०२३ च्या पाडव्याला इंजिन लाकडी घोडीवर बसवून सुरू करायचे ठरले. पाण्याला बादली आणि नळी, पेट्रोलला डबा. आधी स्पार्क न देता पुष्कळ वेळ फिरवून तेल सगळीकडे पोचवले. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला वेढा घालायचा नाही. इंजिनाने उलटी लाथ मारली तर अंगठा मोडतो. चौथ्या फेऱ्याला ते धरले, पण फाटफाट आवाज करीत, ठेचकाळत. मुले कार्ब्युरेटरकडे धावली. थोरल्या आत्याबाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सहा चुलींतल्या दोन पेटल्या न्हाईत. कारबरेटर कशाला बघताय?" त्या विहिरीवर आयुष्य काढलेली बाई ती. पुतण्याने डेल्कोवरच्या तारा तपासल्या. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार असा या इंजिनाचा पेटण्याचा क्रम. त्यात तीन आणि दोनच्या तारा उलटसुलट लागल्या होत्या. त्या बदलल्या आणि पुन्हा हँडल मारले. या वेळी आवाज असा आला, की माझ्या आत्याबाई उठून थोरल्यांच्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. दोघींपैकी कोणी काही बोलले असेल तर ते आम्हाला ऐकू आले नाही.

आता इंजिन लॉरीत चढले आहे. ब्रेक अजून व्हायचे आहेत, म्हणून ती बोळातच, दोन दारांच्या मध्ये उभी असते, आणि पावसाळ्याआधी तिच्यावर ताडपत्री कोणी घालायची यावर दोन्ही घरांत वाद चालू आहे. ज्या भगिनींना पाहायची असेल त्यांनी रविवारी दुपारी चारनंतर यावे. चांगले लुगडे नेसून येऊ नये.