केशवपनाची रूढी : ती कशी टिकली व कशी गेली

जुन्या घरातील माळ्यावरच्या पेटीत कधी कधी एखादे कौटुंबिक छायाचित्र सापडते. मध्यभागी खुर्चीवर पगडी घातलेले घरातील कर्ते पुरुष, शेजारी त्यांचे मुलगे, पायाशी नातवंडे, मागे नऊवारी लुगडी नेसलेल्या सुना. आणि अगदी कडेला, डोईवरून कपाळापर्यंत घट्ट पदर ओढून घेतलेली एक कृश स्त्री. घरातील लहान मूल तिच्यावर बोट ठेवून विचारते, "या आजींनी कुंकू का लावले नाही? आणि यांचे केस कसे दिसत नाहीत?" मोठी माणसे क्षणभर गप्प होतात. "त्या सोवळ्या होत्या," असे कोणी तरी सांगते. मुलाला त्या शब्दाचा तो अर्थ ठाऊक नसतो, आणि समजावून सांगू लागले तर त्याचा विश्वास बसत नाही.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी ब्राह्मण कुटुंबांत मात्र या उत्तरात अविश्वसनीय असे काहीच नव्हते. पती वारला म्हणजे दहाव्या दिवसाच्या सुमारास नाभिकाला बोलावीत आणि पत्नीचे मस्तक मुंडवीत. ती अजाण असली तर वयात येईपर्यंत थांबत, एवढीच काय ती सवलत. पुढे हे एकदाच घडून संपत नसे. केस वाढले की नाभिकाने पुन्हा यावयाचे, आणि हा क्रम तिच्या मरणापर्यंत चालावयाचा. तांबड्या रंगाचे साधे आलवण, एक वेळचे जेवण, उपासतापास, आणि मंगलकार्याच्या वेळी माजघराच्या आतला अंधारा कोपरा, असे तिचे उर्वरित आयुष्य ठरून गेलेले असे.

मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी करावयाचे, आणि वर कितीही वयाचा असला तरी चालावयाचा, अशी त्या काळची रीत असल्यामुळे विधवांत लहान मुलींचा भरणा मोठा होता. पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई लग्नानंतर थोड्याच महिन्यांत, आठव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. आज त्या वयाची मुलगी तिसरीच्या वर्गात बसून पाढे म्हणत असते.

आता प्रश्न असा येतो की, हे सर्व धर्माने सांगितले होते काय? घरोघर तसे मानीत असत खरे. परंतु विधवेने संयमाने राहावे असे सांगणाऱ्या मनुस्मृतीतही मुंडनाची आज्ञा नाही. मुंडनाच्या समर्थनार्थ विशेषेकरून पुढे केला जाई तो स्कंदपुराणाच्या काशीखंडातील एक श्लोक. विधवेने केसांची वेणी बांधली तर त्या बंधनाने परलोकी पतीच बांधला जातो, असा त्याचा आशय. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या रूढीचा कसून शोध घेतला आणि ती वेदकाळाची नसून पुष्कळ मागाहून हळूहळू रुजली, असे दाखवून दिले. सनातन म्हणून जे मानले गेले, त्याचा सनातनपणा असा होता.

याहून नजरेत भरणारी गोष्ट अशी की, सनातन म्हटली जाणारी ही रूढी गावाच्या एका आळीतून दुसऱ्या आळीत गेले की नाहीशी होत असे. ब्राह्मणआळीत विधवेचे मस्तक मुंडवीत. तर त्याच गावच्या शेतकरी, कारागीर इत्यादी अनेक जातींत विधवेचा पाट लागत असे आणि ती पुन्हा संसाराला लागे. गाव एक, देव एक, पंचांग सांगणारा जोशीही बहुधा एकच. असे असून एका आळीत जे महापाप, ते दुसऱ्या आळीत नित्याचा व्यवहार. दुर्दैवाची गोष्ट ही की, एखाद्या घराण्याला चार पैसे व थोडी प्रतिष्ठा लाभली म्हणजे ते पाट बंद करी आणि वरच्या समजल्या जाणाऱ्यांचे अनुकरण करू लागे. चांगली चाल वर चढण्याऐवजी वाईट चाल खाली उतरे.

ज्यांनी हे केले ती माणसे कशी होती? आजच्या वाचकाला वाटते की ती निर्दय असली पाहिजेत. येथेच आपली समजूत चुकते. ज्या आईने रडत रडत मुलीला नाभिकापुढे बसविले, तिनेच आदल्या रात्री तिला कुशीत घेतलेले असे. मुलीचे परलोकी वाईट होऊ नये, हीच तिची चिंता. बापाला जातीच्या बहिष्काराचे भय वाटे. घरात सकेशा विधवा ठेवली तर धाकट्या मुलींना स्थळ कोण देणार, श्राद्धाला भिक्षुक कोठून येणार, असे त्याचे हिशेब असत. सकेशा विधवेच्या हातचे पाणी सोवळ्यात चालत नसे. म्हणजे केस राखणारीला घरात राहून घराबाहेरची होऊन राहावे लागे. दुष्टपणा कोणा एकाच्या मनात शोधू गेल्यास सापडावयाचा नाही. तो रीतीत भरलेला होता, आणि रीत पाळणारी माणसे मायाळू होती.

अशा घरातील एक नेहमीचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. मुलगा मॅट्रिकच्या परीक्षेस निघाला आहे. त्याला लहानपणापासून न्हाऊमाखू घालणारी, तापात रात्र-रात्र उशाशी बसणारी त्याची विधवा आत्या पहाटे उठून त्याच्यासाठी दहीभात कालवून ठेवते. पण तो उंबरठ्याशी येताच ती स्वतःच दाराआड सरते. कारण बाहेर पडताना विधवेचे तोंड दिसणे हा अपशकुन. तिला कोणी हाकलीत नाही. तिला तसे कोणी सांगतही नाही. ती आपल्या लाडक्या भाच्याच्या कल्याणासाठीच आपले तोंड लपविते, आणि भाचाही त्यात काही वावगे मानीत नाही. रूढीचे खरे सामर्थ्य वस्तऱ्यात नव्हते, ते येथे होते. जिच्यावर अन्याय होत आहे तिलाच तो आपला धर्म वाटू लागला म्हणजे दाद मागावयास कोणी उरतच नाही.

मोठमोठे विचारवंतही या मायेच्या पाशातून सुटले नाहीत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे पुनर्विवाहाच्या चळवळीतील अग्रणी. 1873 साली त्यांची प्रथम पत्नी वारली, तेव्हा ते विधवेशी विवाह करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांचा आग्रह मोडणे त्यांच्याने झाले नाही, आणि एकतीस वर्षांच्या रानड्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. त्याच पुढे रमाबाई रानडे म्हणून विख्यात झाल्या, त्यांनी स्त्रियांसाठी अपार कार्य केले, हे खरे. तथापि ज्याला रूढी चुकीची आहे हे पुरते कळले होते, त्यालाही पितृभक्तीने बांधून ठेवले, हेही तितकेच खरे. यावरून रानड्यांना दोष द्यावयाचा नाही. कळणे आणि वळणे यांत केवढे अंतर असते, ते त्यावरून मापावयाचे.

हे अंतर तुटले कसे? सरकारी कायद्याने तुटले असे पुष्कळांस वाटते. 1856 साली विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. परंतु तो कायदा वपनाविषयी मूक होता, आणि पुनर्विवाह करण्याचे धैर्य दाखविणारी कुटुंबे त्यानंतरही कित्येक वर्षे बोटांवर मोजण्याइतकीच राहिली. 1891 साली संमतिवय दहावरून बारावर नेणारा कायदा झाला, तेव्हा पुण्यात केवढे रण माजले! 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे वय चौदा ठरविले. या कायद्यांचे मोल कमी नाही. परंतु नाभिकाला घरात बोलावणे कोणत्याही पोलीस शिपायाने थांबविले नाही. ते थांबले, कारण ज्या हातांनी ही रूढी चालत होती ते हात एकामागून एक मागे घेतले गेले.

पहिल्याने लेखण्या पुढे झाल्या. 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे लहानसे पुस्तक छापून, बायको मेल्यावर पुरुषाला काहीच शासन नाही आणि नवरा मेला तर बाईलाच का, असा रोखठोक सवाल केला. 1888 साली निघालेल्या 'सुधारक' पत्रातून गोपाळ गणेश आगरकरांनी वपनावर प्रखर लेख लिहिले. हरि नारायण आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः दिली. तीत यमू आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते, आणि पतिनिधनानंतर तिच्या इच्छेविरुद्ध तिचे वपन होते. जी गोष्ट घरोघर बंद दाराआड होत होती, ती आता दर आठवड्याला घरातील पुरुष दिवाणखान्यात बसून वाचू लागले.

दुसरा हात मागे घेतला तो ज्यांच्याकडे वस्तरा होता त्यांनी. 1890 साली मुंबईत सत्यशोधक पुढारी व 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालवावयाचा नाही असे ठरले. ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवावी अशी आहे. शास्त्रार्थाचा अधिकार त्यांना कोणी दिला नव्हता, आणि काम नाकारल्याने बुडणार होती ती त्यांचीच मजुरी. विद्वानांचे वादविवाद चालू असता हातावर पोट असलेल्या माणसांनी साधा प्रश्न सोडविला : हे पाप असेल तर ते आपल्या हातून व्हावयाचे नाही.

तिसरे पाऊल विवाहाचे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईत शारदा सदन काढून विधवांना शिक्षणाचे दार उघडले. तेथे शिकलेल्या गोदूबाईंशी 1893 साली धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. रानड्यांच्या विवाहाला तेव्हा वीस वर्षे झाली होती. कर्वेही विधुरच होते. त्यांच्यापुढेही तीच वाट होती, परंतु त्यांनी वळण बदलले. त्याबद्दल मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि आपल्याच गावी आईला भेटणे त्यांना दुर्घट झाले. 1896 साली त्यांनी विधवांसाठी पुण्यात आश्रम काढला. 1900 साली तो हिंगण्यास गेला.

आणि शेवटचा, सर्वांत अवघड हात त्या स्त्रियांचा स्वतःचा. गोदूबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले तरुणपणी विधवा झाल्या, त्यांचे वपन झाले, आणि त्याच वेषात त्यांनी हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली. पुढे त्यांनी स्वतःच्या विचाराने केस राखले. आश्रमाच्या कार्यासाठी त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. ज्या वेषाला वर्षानुवर्षे आपला धर्म मानले, तो मोडणे म्हणजे आपल्या गत आयुष्यातील सोसणे व्यर्थ होते असे कबूल करणे होय. ते धैर्य सभेत टाळ्या मिळवून येत नाही.

एवढे झाले आणि रूढी संपली, असे म्हणून आपण समाधानाने पेटी बंद करू शकलो असतो. परंतु 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने एक ठराव केला. पती वारल्यावर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात, असा तो ठराव. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा असे सांगितले. ठराव करावा लागला, याचाच अर्थ या प्रथा चालू होत्या. आणि त्या केवळ खेड्यांत होत्या, असे शहरवासीयांनी आपल्या मनाला फसवू नये. वस्तरा गेला, पण त्याच्या मागचा विचार, की पती गेला म्हणजे पत्नीच्या अंगावरून काही तरी काढून घेतलेच पाहिजे, तो सर्वस्वी गेलेला नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी शेजारच्या विधवेला बोलावणे विसरले जाते, मुलाच्या लग्नात आईच अक्षता टाकताना मागे उभी राहते. कोणी तिला तसे सांगत नाही. ती आपण होऊनच दाराआड सरते.

बांगड्या फोडण्यासाठी जे हात पुढे येतात, ते आजही परक्यांचे नसतात. ते बहुधा घरातील वडीलधाऱ्या बायकांचे असतात, थरथरणारे असतात, आणि त्यांतील पुष्कळांनी स्वतः ते दुःख भोगलेले असते. त्यांना निर्दय म्हणण्यात अर्थ नाही. त्या घटकेला कोणी तरी तो हात हलकेच धरून "काकू, राहू द्या," एवढेच म्हणावयाचे असते. मुंबईच्या नाभिकांनी 1890 साली याहून अधिक काही केले नव्हते. ज्या घरात असा प्रसंग येईल, त्या घरात हे तीन शब्द उच्चारणारे एक तरी माणूस असावे, आणि ते बाहेरून येण्याची वाट कोणी पाहू नये.