गंमत बघणारी मुलं

व्हॉट्सअॅपचा ग्रुप कसा चालतो ते मी सांगत बसत नाही. तुमची नातवंडं ते माझ्यापेक्षा बरं सांगतील. (हशा) मला एकच गोष्ट तुमच्या गळी उतरवायची आहे. वर्गात एक छळणारा असतो, एक सोसणारा, आणि आपण या दोघांच्याच मागे लागतो. एकाला शिक्षा, दुसऱ्याला समुपदेशन. बाकीचा वर्ग मोकळा. खरा निकाल मात्र त्या वर्गाच्या हाती असतो.

फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये हे दाखवून दिलं. २००९ पासून तिथल्या शाळांत ‘कीवा’ हा उपक्रम देशभर सुरू झाला. त्यात शिक्षक वर्गातल्या दोन-चार वजनदार मुलांना सोसणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायला सांगतात.

आता आपल्याकडे या. मी शिकवत होते त्या शाळेत, नाव घेत नाही, सातवीत एक मुलगा होता. घरी तेलुगू, बाप रात्रपाळीला मागावर. धडा वाचताना ‘भ’चा ‘ब’ व्हायचा. कुणीतरी बाकाखालून मोबाईल धरला. तोंड उघडं असतानाचा फोटो, खाली ‘बाकरी’, झालं स्टिकर. वर्गाच्या ग्रुपवर दिवसरात्र तेच. आता ऐका, घरात फोन एकच, तो बापाच्या खिशात. ज्याची टिंगल चालली होती, त्यालाच पत्ता नाही! वर्गात शिरला की सगळे फिदीफिदी. तो शर्ट मागून ओढून बघायचा, पाठीला काही चिकटवलंय का म्हणून. मग यायचाच बंद झाला. आम्ही शिक्षक हजेरीपटावर गैरहजेरी मांडत राहिलो.

शेवटी एका मुलीनं ग्रुपवर लिहिलं, ‘त्याच्याकडे फोन नाही. हिंमत असेल तर तोंडावर बोला.’ खाली दोघींचे अंगठे आले. मग एकानं आपलं स्टिकर काढलं, पाठोपाठ दुसऱ्यानं. दुसऱ्या दिवशी त्याच मुली त्याच्या घरी जाऊन त्याला शाळेत घेऊन आल्या.

(मागून आवाज : बाई, आम्हालाही चिडवायचे, आम्ही काय मेलो का?) नाही, काका. पण कोण चिडवायचं, त्याचं नाव आजही आठवतं ना? (शांतता) तुम्हाला दोष देत नाही मी. तेव्हा तुमच्या बाजूनं कुणी बोललं असतं, तर आज तेही नाव आठवलं असतं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. कायद्याचं भराभर उरकते. शाळेतल्या तक्रारपेटीचा शासन निर्णय २०१७चा, मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा २०२२चा. हेल्पलाइन मुलांसाठी १०९८, सायबर आर्थिक फसवणुकीसाठी १९३०. पण पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगली, तर सगळ्यांदेखत चिठ्ठी टाकणार कोण? पाण्याच्या नळाजवळ लावा, तिथं घोळका असतो, कुणाचं लक्ष जात नाही. आणि शाळा उघडल्या की पहिल्याच आठवड्यात प्रत्येक वर्गाला एक तास द्या, बघणाऱ्या मुलांसाठी. मुख्याध्यापक मंडळींनी निघण्याआधी मला भेटावं. कुणाच्या शाळेत कधी यायचं, ते आजच ठरवून टाकू.