समाचाराला चला



वेदगंगेच्या काठावरचं गारगोटी हे आमचं गाव. १३ डिसेंबर १९४२ रोजी इथल्या कचेरीवर चालून गेलेल्या सात क्रांतिकारकांनी आपले प्राण दिले, ही गारगोटीची पहिली ओळख. दुसरी ओळख मौनी विद्यापीठाची आणि ते उभारणाऱ्या जे. पी. नाईकांची. शिक्षणविषयक कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून जे. पी. देशाला माहीत आहेत. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आरोग्याचाही ध्यास घेतला होता, हे मात्र फारसं सांगितलं जात नाही. सर्वांसाठी आरोग्य कसं साधेल याविषयीचा जो अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला, त्यामागे त्यांचे मोठे श्रम होते. आरोग्यसेवा मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळापासून नव्हे, तर गावापासून आणि गावातल्या माणसांच्या सहभागानं उभी राहावी, हा त्या मांडणीचा गाभा. मनाच्या आजारांवरची ही परिषद कोल्हापुरात घ्या, सभागृह चांगलं मिळेल, असं काही हितचिंतक म्हणाले. आम्ही गारगोटीचाच हट्ट धरला, तो याच कारणानं.

मी डॉक्टर नाही. औषधाच्या दुकानात बसणारा माणूस आहे. काउंटरच्या आतून गाव जसं दिसतं तसं सांगतो. साखरेची गोळी मागणारा रस्त्यावरूनच हाक मारतो. रक्तदाबाची गोळी घेणारा शेजाऱ्याला वर सल्लाही देतो. पण मनाच्या आजाराची चिठ्ठी ज्याच्या खिशात असते तो गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभा राहतो, चिठ्ठी घडी करून पुढे सरकवतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, "कागदात बांधून द्या." कितीतरी जण तर पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरातूनच गोळ्या आणतात. इथल्या दुकानात कुणी बघायला नको!

आपल्या भागात कुणाचा पाय मोडू द्या, ॲपेंडिक्सचं ऑपरेशन होऊ द्या, अख्खी गल्ली समाचाराला जाते. वडापची गाडी करून कोल्हापूरच्या सीपीआर इस्पितळात जाते. केळी, बिस्किटाचे पुडे, घरचा डबा नेते. भांगलणीला माणूस कमी पडलं तर न सांगता दुसऱ्या घरचं माणूस येतं. ही आपल्या मातीची फार मोठी दौलत आहे. आणि त्याच गल्लीतला एखादा पोरगा चार-चार महिने खोलीबाहेर येत नाही, कानात कुणीतरी बोलतंय म्हणतो, तेव्हा त्या घराची पायरी कुणी चढत नाही. घरचेही विचारणाऱ्याला सांगतात, "पुण्याला कामाला लागलाय." बाळंत झालेली लेक बाळाला जवळ घेत नाही, रात्रभर रडते, तर "बाहेरचं लागलंय" म्हणून अंगारा आणला जातो. तिच्याजवळ बसून "पोरी, काय होतंय तुला?" एवढं विचारणारं माणूस मिळत नाही.

आजच्या परिषदेकडून मी एकच गोष्ट मागतो. या घरांच्या समाचाराला चला. उपदेश करायला नको, कारणं शोधायला नको. "टकुरं फिरलंय" असं पाठीमागे म्हणायला तर नकोच नको. जायचं, बसायचं, चहा घ्यायचा, विचारायचं, ऐकायचं. रात्रंदिवस जागी असलेल्या त्या माउलीला म्हणायचं, "आज मी बसतो याच्याजवळ, तुम्ही जरा झोपा."

एका गोष्टीवर मला कठोर बोलायचं आहे. "लग्न करून टाका, सुधारेल" हा सल्ला आपण बंद केला पाहिजे. आजार लपवून लावलेल्या लग्नात दोन माणसांची फरफट होते. परक्या घरातून आलेल्या मुलीला आपण अंधारात ठेवतो, आणि गोळ्या सापडू नयेत म्हणून आजारी मुलाचे उपचारही थांबवतो. बरं होत आलेला माणूस असा पुन्हा आजारात ढकलला जातो.

देवऋष्याकडे जाणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. तिथे तासभर कुणीतरी ऐकून घेतं, म्हणून माणसं जातात. देवाला नारळ वाढवा, गोळी मात्र चालू ठेवा. पण भूत उतरवतो म्हणून साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि त्यांच्या खुनानंतर तो झाला, हे आपण विसरू नये.

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं २०१५-१६ साली बारा राज्यांत पाहणी केली. आपलं राज्य त्यात नव्हतं, पण चित्र फार वेगळं असेल असं मला वाटत नाही. दारूचं व्यसन धरून शंभर प्रौढांतल्या दहा-अकरा जणांना त्या वेळी काही ना काही मनोविकार होता आणि विकारागणिक सत्तर ते ब्याण्णव टक्के माणसं उपचारांपासून दूर होती. डॉक्टर कमी आहेत, हे खरंच. पण जे आहेत त्यांच्याकडेही लाजेपोटी अनेकजण जात नाहीत, हेही तितकंच खरं.

ही लाज एका माणसानं कशी मोडली, ते सांगतो. धुळे जिल्ह्यातून कॅनडात गेलेले डॉ. जगन्नाथ वाणी कॅल्गरीच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत. पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांनी तो लपवला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, नातेवाइकांना एकमेकांशी बोलतं केलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा चित्रपट २००४ साली त्यांच्याच पुढाकारानं आला. भावाला सांभाळणारी त्यातली बहीण आठवा. अशा बहिणी आपल्या भुदरगड तालुक्यात वाडीवाडीवर आहेत. त्यांच्यावर कुणी चित्रपट काढणार नाही. निदान आपण त्यांच्या दारात जाऊ.

कायदाही आता आजारी माणसाच्या बाजूचा आहे. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार हा हक्क मानला. जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं कायदा धरून चालतो. त्याला आधार आणि उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे. मग गावानं त्याच्याकडे गुन्हेगारासारखं का बघावं? कर्जानं, पिकानं, घरच्या भांडणानं खचलेला कुणी "आता जगून काय करायचं" म्हणाला, तर हसण्यावारी नेऊ नका. जिवाचं काही वाईट मनात येतंय का, असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार वाढत नाही, उलट ओझं हलकं होतं. त्याला एकटं सोडू नका. शेतीची औषधं घरात उघडी ठेवू नका, कुलपात ठेवा. आणि १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर घराच्या भिंतीवर लिहा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलतो.

जेवणानंतर शेजारच्या वर्गात फक्त रुग्णांची आणि नातेवाइकांची बैठक आहे. दारात वही ठेवलेली नाही, कुणाचं नाव-गाव विचारलं जाणार नाही. पत्रकार मित्रांना विनंती, तिथे कॅमेरा नेऊ नका. ज्यांना बोलायचं नाही त्यांनी नुसतं येऊन बसलं तरी चालेल. डॉक्टर मंडळी संध्याकाळपर्यंत थांबणार आहेत, तपासणीला पैसे नाहीत. लांबच्या वाड्यांवरून आलेल्यांची परतीची सोय केली आहे, तेव्हा शेवटच्या एसटीसाठी कुणी घाई करू नये.