नकाशाचे रूपांतर

इ. स. १८२३ च्या जानेवारीत हैदराबादेहून नागपूरकडे जात असता विल्यम लॅम्बटन हा भूमापक हिंगणघाट येथे मरण पावला. त्याने १८०२ साली मद्रासेस आरंभिलेली त्रिकोणमितीय मोजणी जॉर्ज एव्हरेस्टने पुढे चालविली. पृथ्वीच्या आकाराचे जे गणित एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडले, त्यावर हिंदुस्थानचे नकाशे पिढ्यान्‌पिढ्या आधारलेले राहिले. आजचे उपग्रह मात्र निराळे गणित मानतात. तेच अक्षांश-रेखांश दोन्ही गणितांनी जमिनीवर शोधावयास गेल्यास दख्खनमध्ये शंभर मीटरांहून अधिक अंतर पडते.

जुना कागदी नकाशा संगणकात उतरविणाऱ्यास पहिला चकवा येथेच बसतो. संगणकातील नकाशा दोन रूपांत राहतो. रास्टर म्हणजे चौकोनी घरांची जाळी, प्रत्येक घरात एक आकडा. व्हेक्टर म्हणजे बिंदू, रेषा व बहुकोन. एकाचे दुसरे करण्यासाठी जीडॅल हा मुक्तस्रोत आज्ञासंच आणि त्याच्या आधारे चालणारा क्यूजीआयएस कोणासही विनामूल्य मिळतो. साधने उत्तम आहेत. पण ती फार आज्ञाधारक आहेत, आणि चुकीची आज्ञाही निमूटपणे पार पाडतात.

समजा, एखाद्या अभियंत्याने जुन्या नकाशावरून नदी रेखाटून उपग्रहचित्रावर ठेवली. नदी पुलाखालून न जाता शेजारच्या उसातून वाहू लागली! घाईने तो त्या नदीस आधुनिक प्रणालीचे नाव चिकटवितो. परंतु नाव देणे निराळे आणि रूपांतर करणे निराळे. 'जीडॅल-ट्रान्सलेट'ला दिलेले प्रणालीचे नाव ही केवळ डब्यावरची चिठ्ठी होय. आतले आकडे हलत नाहीत. ते हलविणारे गणित रास्टरसाठी 'जीडॅल-वार्प' आणि व्हेक्टरसाठी 'ओजीआर-टू-ओजीआर' करते. तेही मूळ प्रणाली खरी सांगितली तरच. स्थानांतराचे आकडे हाताशी नसले, तर ती पायरी गाळून केवळ ढोबळ उत्तर मिळण्याचा संभव असतो. म्हणून कोणता मार्ग वापरला जाईल, हे 'प्रोजइन्फो'ला आधी विचारावे.

दुसरी चूक हास्यास्पद, पण नित्याची. २०१९ साली आलेल्या जीडॅलच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, जेथे मूळ व्याख्येत अक्षांश आधी आहे, तेथे तोच क्रम मानला जातो. जुनी आज्ञावली रेखांश आधी देते. मग पणजी नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते. अशी चूक निदान डोळ्यांना दिसते.

न दिसणारी चूक अधिक घातक. जमीनवापराच्या रास्टरमध्ये १ म्हणजे जंगल, २ म्हणजे शेत, ३ म्हणजे पाणी असे संकेत असतात. नकाशा मऊसूत दिसावा म्हणून रूपांतराच्या वेळी शेजारच्या घरांची सरासरी घेण्याचा पर्याय कोणी निवडतो. १ आणि ३ यांची सरासरी २. जंगल आणि तलाव यांच्या काठाने शेताची एक पट्टी उगवते, जी कोणी कधी नांगरलेली नाही! संकेतांकांसाठी जवळच्या घराचा आकडा जसाच्या तसा उचलणारी पद्धतच घ्यावी. उंचीच्या नकाशास सरासरी शोभते. संकेतास शोभत नाही.

मराठी नावांचीही एक व्यथा आहे. शेपफाइल या जुन्या साच्यात स्तंभाच्या नावास दहाच बाइट मिळतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'तालुका' हा शब्दही तेथे पुरा मावत नाही. सोबतची लिपिसूचक फाइल हरवली तर गावांच्या नावांचा निरर्थक चिन्हांचा ढीग होतो. जिओपॅकेज या नव्या साच्यात ही अडचण नाही.

उलट दिशेचे रूपांतर, म्हणजे शेतांच्या बहुकोनांवरून जाळी भरणे, सोपे वाटते. पण जीडॅल सामान्यतः ज्या घराचा मध्यबिंदू बहुकोनात पडतो तेच घर भरते. घर ३० मीटरांचे आणि शेताची पट्टी १० मीटर रुंद, तर ती पट्टी जाळीतून नाहीशी होऊ शकते. पूरग्रस्तांची यादी या जाळीवरून निघणार असेल, तर त्या शेतकऱ्याचे नाव यादीत येतच नाही. 'स्पर्श झालेले प्रत्येक घर भरा' असा पर्याय आहे खरा, परंतु त्याने सर्वांचीच क्षेत्रे फुगतात. तेव्हा आधी सर्व खाती मोजावी. ज्यांच्या वाट्याला एकही घर आले नाही अशांची यादी काढावी, आणि जाळीची घरे लहान करून ती पुन्हा भरावी.